तालुक्याचा साहित्य-पुरस्कार आणि परीक्षकाची खुर्ची

(शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांतील शिक्षक, वाचक आणि ग्रामस्थ यांच्या सभेंत केलेलें भाषण)



आजची सभा कशासाठीं भरली आहे, हें आपणां सर्वांस ठाऊक आहे. शहापूर आणि मुरबाड या दोन तालुक्यांतील लेखकांसाठीं दरसाल एक साहित्य-पुरस्कार द्यावा, असा विचार निघाला आहे. वर्गणीहि जमूं लागली आहे. नियमांचा कच्चा मसुदा तयार होऊन आपल्या हातीं आला आहे. आमच्यासारख्या खेड्यांतील मास्तराला याहून आनंदाची गोष्ट कोणती? आम्ही जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकवितों. अध्यापक विद्यालयांत जें काय शिकलों तें मराठींतूनच शिकलों. मोठमोठ्या इंग्रजी ग्रंथांचीं नांवें घेऊन आपणांस दिपवून टाकण्याची विद्या आमच्यापाशीं नाहीं. म्हणून साधें बोलतों. पुरस्कार जरूर द्यावा. परंतु तो कोणास द्यावा हें ठरविण्यापूर्वीं तो कोणत्या नियमानें द्यावा आणि परीक्षकाच्या खुर्चीवर कोणीं बसावें, हें ठरलें पाहिजे. ज्याच्या हातीं नियम, त्याच्याच हातीं पुरस्कार. नांव काय, तें मागाहून येतें.

हें आम्ही पदरचें सांगत नाहीं, इतिहास सांगतो. आणि तो इतिहास शोधावयास काशी-रामेश्वरास जाण्याचें कारण नाहीं. त्याची सुरुवात आपल्या नाणेघाटांतच आहे. मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानें वैशाखऱ्याकडे जावें आणि डोंगर चढावा. वर घाटमाथ्याच्या लेण्यांत सातवाहनांची राणी नागनिका हिचा लेख आहे. लिपि ब्राह्मी, भाषा प्राकृत, वय सुमारें दोन हजार वर्षांचें. आपल्या मुलखांतील अति प्राचीन लिखाणांपैकीं हें एक. त्यांत काय आहे? यज्ञ कोणते केले आणि त्या यज्ञांत दक्षिणा किती दिली, याचा हिशेब! गाई हजारांनीं, घोडे, कार्षापण नाणीं, सर्व कांहीं मोजून कोरलेलें आहे. पण तो घाट ज्यांनीं फोडला, ती वाट ज्यांनीं बांधली, तीं अक्षरें ज्या हातांनीं दगडांत खोदलीं, त्यांपैकीं एकाचेंहि नांव त्या हिशेबांत नाहीं. देणाऱ्याचें नांव राहिलें, घेणाऱ्याचा मान राहिला, राबणाऱ्याची खूण पुसली गेली.

हीच दक्षिणा पुढें पेशवाईंत पुण्याच्या रमण्यांत श्रावणमासीं ब्राह्मणांस वांटीत. १८१८ सालीं पेशवाई बुडाली. इंग्रज सरकारनें ती दक्षिणा एकदम बंद केली नाहीं. तिचें रूप हळूहळू बदललें. १८४९ सालीं लोकहितवादी आदिकरून सुधारक मंडळींनीं अर्ज केला कीं, या पैशांतील कांहीं भाग मराठींत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस द्यावा. हा अर्ज करणारांत ब्राह्मणहि होते, हें येथें मुद्दाम सांगितलें पाहिजे. सत्य सांगावयाचें तर पुरें सांगावें. त्यांतूनच १८५१ सालीं दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली. आज महाराष्ट्रांत जे शेंकडों साहित्य-पुरस्कार दिले जातात, त्यांची ही आजी म्हणावयास हरकत नाहीं.

आतां या आजीनें काय केलें तें ऐका. १८५५ सालीं जोतीराव फुले यांनीं 'तृतीय रत्न' नांवाचें नाटक लिहून कमिटीपुढें ठेविलें. त्या नाटकांत कोण आहे? एक अडाणी कुणबी, त्याची गरोदर बायको, आणि ग्रहदशेची भीति घालून त्या दोघांस लुबाडणारा जोशी. शेवटीं तें जोडपें रात्रीच्या शाळेंत अक्षर शिकावयास निघतें. म्हणजे तुमच्या-आमच्या आजा-पणज्याच्या घरचीच गोष्ट! कमिटीनें तें नाटक पत्करलें नाहीं. तींतील भट सभासदांच्या आग्रहापुढें युरोपियन सभासदांचें कांहीं चाललें नाहीं, असें जोतीरावांनीं १८७३ सालीं 'गुलामगिरी'त लिहून ठेविलें आहे. बक्षीस नाहीं, म्हणून छपाई नाहीं. तें नाटक प्रथम छापून निघालें तें १९७९ सालीं. मधें १२४ वर्षें गेलीं! ज्या कुणब्यासाठीं तें लिहिलें, त्याच्या चार-पांच पिढ्या तें न वाचतां मातीस मिळाल्या.

यांत एक मौज आहे, ती ध्यानांत घ्या. याच जोतीरावांस शाळा काढल्याबद्दल १८५२ सालीं विश्रामबागवाड्यांत सरकारनें शालजोडी दिली होती. त्याच दक्षिणा फंडांतून त्यांच्या शाळांस दरमहा ७५ रुपये मिळत. शाळेबद्दल शालजोडी चालते, शाळेस पैसा चालतो, पण ग्रंथ चालत नाहीं! असें कां? शाळेंत शूद्राचें मूल दुसऱ्यानें लिहिलेलें वाचतें. ग्रंथांत तें आपलें सांगूं लागतें. वाचणारा शूद्र सहन होतो. सांगणारा शूद्र सहन होत नाहीं.

दुसरी गोष्ट त्याच सालची. १८५५ सालींच जोतीरावांच्या शाळेंतील मुक्ता साळवे या मांग समाजाच्या मुलीनें महार-मांगांच्या दुःखाविषयीं निबंध लिहिला. मुलगी अवघी चौदा वर्षांची. कोणत्याहि कमिटीनें तिला ग्रंथकार म्हणून बक्षीस दिलें नाहीं. पण 'ज्ञानोदय' पत्रानें तो निबंध छापला. छापला म्हणून तो उरला, आणि आज आमच्या मुलींना वाचावयास मिळतो. एका लिखाणाला बक्षीस नाकारलें आणि तें बासनांत पडून राहिलें. दुसरें बक्षिसावांचून छापलें गेलें आणि जगलें. तेव्हां लेखकाला शाल हवी कीं छपाई हवी, या वादाचा निकाल १८५५ सालींच लागलेला आहे. त्या शाळांतील एका मुलीची आणखी एक आठवण सांगतात. बक्षीससमारंभांत तिनें साहेबांस विचारलें म्हणे, कीं खेळणीं आणि खाऊ कशाला देतां, आम्हांस पुस्तकालय द्या. आज आपण जो पुरस्कार काढणार, त्याची खेळणीं होणार कीं पुस्तकालय होणार, एवढाच आमचा प्रश्न आहे.

जोतीरावांनीं त्या कमिटीच्या दारांत बसून अश्रु ढाळले नाहींत. 'ब्राह्मणांचें कसब' हें पुस्तक त्यांनीं १८६९ सालीं पदरमोड करून छापलें. पुढें १८८५ सालीं पुण्यास मराठी ग्रंथकारांची सभा भरावयाची होती, तिचें निमंत्रण त्यांस गेलें. त्यांनीं तें नाकारलें. जे आम्हांस माणुसकीचे हक्क उघडपणें देत नाहींत, त्यांच्या सभांशीं आणि पुस्तकांशीं आमच्या सभांचा व पुस्तकांचा मेळ बसत नाहीं. आमचा विचार आम्हीच करूं, असा त्यांच्या पत्राचा मतलब होता. आणि बहुजनांनीं तो विचार केलाहि. १८७७ सालीं कृष्णराव भालेकरांनीं 'दीनबंधु' काढला. १९१० पासून मुकुंदराव पाटलांनीं 'दीनमित्र' हें पत्र तेव्हांच्या अहमदनगर जिल्ह्यांतील सोमठाणें-तरवडीसारख्या खेड्यांतून चालविलें. खेड्यांत राहून लिहितां येतें, छापतां येतें, आणि तें शहरानें वाचावें असें लिहितां येतें, हें त्यांनीं दाखवून दिलें.

म्हणून पुरस्कार ही वस्तुच वाईट, असें आमचें म्हणणें नव्हे. स्वातंत्र्यानंतर खुर्च्या थोड्या हालल्या. ज्यांच्या वांट्यास शाळा जवळजवळ आलीच नाहीं, त्या अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा' कादंबरीस १९६१ सालीं राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजांतील लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'स १९८१ सालीं आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'स १९८८ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हीं पुस्तकें जात पाहून नव्हे, तर कस पाहून निवडलीं गेलीं. आणि त्यांचा गौरव झाला म्हणून पाला-वस्तींतील पोरांना वाटलें कीं आपलेंहि जिणें लिहिण्याजोगें आहे. चांगला पुरस्कार हें काम करतो. एका माणसाच्या गळ्यांत हार पडतो आणि शंभर माणसांच्या हातांत लेखणी येते.

आतां आपल्या घरीं येऊं. आपल्या ठाणें जिल्ह्यावरील एक ग्रंथ सबंध देशांत गाजला. गोदावरी परुळेकर यांचा 'जेव्हा माणूस जागा होतो'. जानेवारी १९४५ मध्यें आपल्या शेजारच्या टिटवाळ्यास किसान सभेची परिषद झाली आणि तेथून उंबरगांव-डहाणूकडे वारल्यांच्या वेठीविरुद्ध लढा पेटला, त्याची ही हकीकत. १९७२ सालीं या ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. बाईंचे उपकार आम्ही विसरणार नाहीं. त्या पुण्याच्या सुशिक्षित घरांतल्या. परंतु वारल्यांच्या झोपड्यांत राहिल्या आणि राहून लिहिलें. पण आतां आपण स्वतःस एक प्रश्न विचारूं या. त्या पुरस्कारास पन्नास वर्षें उलटून गेलीं. माणूस जागा झाला, चालूं लागला, शाळेंतहि आला. मग त्या जाग्या झालेल्या माणसानें स्वतः लिहिलेलें पुस्तक आपल्या दोन तालुक्यांच्या वाचनालयांत किती आहे? आमच्या शाळेच्या कपाटांत आम्हीं पाहिलें. ठाकूर, कातकरी, वारली, महादेव कोळी यांच्याविषयीं लिहिलेलीं पुस्तकें सांपडलीं. त्यांनीं लिहिलेलें एकहि सांपडलें नाहीं.

हें असें कां होतें, तें शहापूरकरांस समजावून सांगण्याची गरज नाहीं. तानसा धरण १८९२ सालीं झालें. पुढें मोडकसागर, पुढें भातसा. मुंबई आमचें पाणी पिते. आणि चैत्र-वैशाखांत ज्यांच्या उशाशीं धरण आहे त्या पाड्यांवरच्या बाया डोक्यावर हंडे घेऊन टँकरची वाट पाहतात. वाङ्मयाचीहि तीच तऱ्हा! आमच्या शाळेजवळच्या ठाकूरवाडींत एक म्हातारी आहे. गौरीचीं गाणीं तिच्या तोंडीं रात्रभर पुरतात. शहरांतील मंडळी दोनदां येऊन तिचीं गाणीं फोनांत भरून घेऊन गेलीं. तिचें छायाचित्रहि काढलें. तीं गाणीं पुढें कोठें छापलीं, कोणाच्या नांवावर छापलीं, तें तिला आजवर कोणीं कळविलें नाहीं. पाणी नळानें गेलें, गाणें फोनानें गेलें. हंडा रिकामा तो रिकामाच.

दुसरें उदाहरण. दिवाळी झाली कीं आमच्याकडील कातकरी वाडी ओस पडते. माणसें वीटभट्ट्यांवर जातात आणि पोरें आईबापांबरोबर जातात. आमच्या शाळेंतून गेलेल्या एका पोरानें भट्टीवरून परत आल्यावर वहीचीं बारा पानें लिहून आम्हांस दाखविलीं. उचल किती घेतली, किती फिटली, किती अंगावर राहिली. दिवसाला विटा किती थापल्या, त्यांतल्या मोडक्या म्हणून किती वजा केल्या. आईच्या हाताचें कातडें कितव्या दिवशीं सोललें. 'मला वाईट वाटलें' असें एकहि वाक्य त्यांत नाहीं. नुसता हिशेब आहे. आम्हीं तो वाचला आणि नाणेघाट आठवला. तेथेंहि हिशेबच कोरलेला आहे. तो देणाऱ्याचा हिशेब, हा राबणाऱ्याचा. तो दगडांत आहे म्हणून दोन हजार वर्षें टिकला. हा शाळेच्या वहींत आहे. एक पावसाळा टिकला तरी पुष्कळ.

मंडळी, आपल्या हातांतल्या मसुद्याप्रमाणें या म्हातारीला आणि या पोराला पुरस्कारासाठीं अर्ज तरी करतां येईल काय? आपण एकेक नियम पाहूं.

पहिला नियम म्हणतो, गेल्या वर्षांत छापून निघालेल्या पुस्तकाच्या तीन प्रती पाठवाव्या आणि सोबत प्रवेशशुल्क भरावें. आजकाल नव्या लेखकाचें पुस्तक बहुधा लेखकाच्याच पैशानें छापलें जातें, हें आपण सर्व जाणतों. म्हणजे ज्याच्या गांठीं हजारों रुपये आहेत, तोच उमेदवार. वरकस जमिनींतली नाचणी-वरी खाऊन दिवस काढणाऱ्यानें बायकोच्या गळ्यांतलें मणिमंगळसूत्र गहाण टाकून लेखक व्हावें कीं काय? हा साहित्याचा पुरस्कार नव्हे, ही ऐपतीची पावती झाली.

दुसरा नियम म्हणतो, भाषा शुद्ध असावी. शुद्ध म्हणजे कोणाची? आमचा शेतकरी राब भाजतो, रोपें उपटतो आणि आवणी करतो. शहरांतील परीक्षक 'आवणी'वर लाल रेघ ओढून 'लावणी' करील. वाचणाऱ्याला वाटेल, हा मनुष्य चिखलांत उभा राहून तमाशा करीत होता! ज्या कामानें देशाला भात मिळतो, त्या कामाचें नांव अशुद्ध, आणि तो भात खाऊन लिहिलेलें तेवढें शुद्ध! इरलें, कणगी, राब, आवणी हे शब्द गेले तर त्यांच्या मागोमाग तें कामहि आमच्या मुलांच्या डोळ्यांपुढून जाईल. कातकऱ्यांची बोली, ठाकरांची बोली, आगऱ्या-कुणब्यांची बोली यांस आपल्याच तालुक्यांत दार बंद असेल, तर त्यांनीं जावें कोठें? अहो, दिल्लीच्या साहित्य अकादमीनें देखील ज्या भाषांस तिची मान्यता नाहीं अशा भाषांसाठीं १९९६ पासून भाषा सन्मान ठेविला आहे. दिल्लीला जें सुचतें, तें मुरबाडला सुचूं नये काय?

तिसरा नियम परीक्षकांचा. मुंबई-पुण्याचे प्रथितयश साहित्यिक परीक्षक असावेत, असें लिहिलें आहे. त्या थोर मंडळींविषयीं आमच्या मनांत आदर आहे. परंतु ज्यानें आवणी पाहिली नाहीं, भट्टी पाहिली नाहीं, गौरीचा नाच पाहिला नाहीं, त्यानें त्या लिखाणाचा कस कशावर घासून पाहावा? त्याला त्यांतलें खोटेंहि ओळखूं येणार नाहीं आणि खरेंहि ओळखूं येणार नाहीं.

चौथें कलम खर्चाचें. मंडप, हार, मानचिन्ह, भोजन यांस जी रक्कम धरली आहे, ती लेखकास द्यावयाच्या रकमेहून अधिक आहे. व्यासपीठावर पुढाऱ्यांच्या दहा खुर्च्या आणि लेखकाची एक, तीहि कडेला! याला साहित्याचा गौरव म्हणावयाचें कीं पुढाऱ्यांचा?

आतां कांहीं मंडळी म्हणतील, मास्तर, असें केलें तर दर्जा घसरेल. न छापलेलें, न लिहिलेलें वाङ्मय तें कसलें वाङ्मय? त्यांस आमचें उत्तर एकच नांवानें देतां येईल. खानदेशांतील असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत, जात्यावर त्या जें गात, तें घरच्या मुलांनीं कागदावर उतरून घेतलें. त्या १९५१ सालीं वारल्या आणि त्यांचीं गाणीं १९५२ सालीं पुस्तकरूपानें निघालीं, आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह. आज महाराष्ट्रांत मराठी शिकणारें कोणतें मूल बहिणाबाईंचें नांव जाणत नाहीं? त्या हयात असतां असोद्याच्या आसपास एखादा तालुका-पुरस्कार असता आणि त्याचे नियम आपल्या मसुद्यासारखे असते, तर बहिणाबाईंचा अर्ज पहिल्याच कलमाखालीं बाद झाला असता. दर्जा कोणाचा घसरला असता, बाईंचा कीं पुरस्काराचा?

दुसरे म्हणतील, सबंध कोकणासाठीं पुरस्कार आहेतच. खरें आहे. मधु मंगेश कर्णिक यांनीं १९९१ सालीं स्थापन केलेली कोकण मराठी साहित्य परिषद कोकणांतील लेखकांस पुरस्कार देते, आणि आपला जिल्हा तिच्या क्षेत्रांत येतो. तेथें आपले लेखक जरूर जावेत. परंतु खाडीचें जाळें निराळें आणि ओढ्याचें निराळें. ओढ्यांतील मासा धरावयाचा तर बारीक विणीचें जाळें आपणच विणलें पाहिजे. आपणहि मोठ्याच पुरस्काराची नक्कल करणार असूं, तर नवा पुरस्कार काढण्यांत हशील काय?

आतां शेवटची आणि कडू गोष्ट सांगतों. राग आला तरी चालेल. १८५५ च्या कमिटीवर आपला कुणबी, आगरी, ठाकूर कोणी नव्हता. म्हणून दोष कोणाचा तें बोट दाखवून सांगतां येतें. आज या सभेकडे पाहा. अध्यक्ष बहुजन, चिटणीस बहुजन, वर्गणीदार बहुजन. ती खुर्ची आतां आपल्याकडे आली आहे. यापुढें एखाद्याचें 'तृतीय रत्न' बासनांत पडलें, तर तें भटशाहीनें टाकलें असें म्हणण्याची सोय उरली नाहीं. तें आपणच टाकलेलें असेल. आणि आपल्यांतहि वरच्या आळीचा व खालच्या वाडीचा भेद आहे, तो झांकून काय उपयोग? कुणब्याच्या पोरास जी वागणूक शहरांत मिळाली म्हणून तो चिडतो, तीच वागणूक तो कातकऱ्याच्या पोरास गांवांत देत नाहीं ना? पुरस्कार समितीच्या चिटणिसाच्या मेहुण्याचा कवितासंग्रह, वर्गणीदाराच्या जांवयाची कादंबरी, पुढाऱ्याचें चरित्र, अशी यादी उद्यां निघाली, तर ती दक्षिणाच झाली; फक्त वांटणारे हात बदलले. उलट, केवळ आपल्या जातीचा म्हणून रद्दी पुस्तकास मान देणें हीहि दक्षिणाच. वाईट लिहिलेलें वाईटच म्हणावें, मग तें कोणाचेंहि असो. आम्ही सवलत मागत नाहीं, दार मागतों. दारांतून आंत आलेल्या लिखाणाची परीक्षा खुशाल कडक करा.

म्हणून आमच्या सूचना या सभेपुढें ठेवतों, आणि त्यांवर आजच मत घ्यावें अशी विनंती करतों.

एक : छापील पुस्तकाइतकाच हस्तलिखितास प्रवेश असावा. शाळेच्या वहींत लिहिलेलें असलें तरी चालेल. शुल्क एक पैहि नसावें.

दोन : तोंडी गाणीं, गोष्टी, आठवणी लिहून घेऊन पाठवितां याव्या. परंतु सांगणाऱ्याचें नांव वर आणि लिहून घेणाऱ्याचें खालीं. लिहिलेलें त्यास वाचून दाखवावें, त्याची संमति घ्यावी, आणि पुरस्काराची रक्कम सांगणाऱ्याच्या हातीं पडावी. धवला गाणाऱ्या धवलारणीस लग्नांत मान मिळतो. तो मान तिला पुस्तकांतहि मिळावा.

तीन : बोलींतील लिखाण बोलींतच ठेवावें. अवघड शब्दाचा अर्थ पानाच्या तळाशीं द्यावा. लेखकाचा शब्द त्याला न विचारतां कोणीं बदलूं नये.

चार : परीक्षक पांच असावेत. त्यांतील निदान तिघे या दोन तालुक्यांतील असावेत. एक तरी बाई असावी, आणि एकजण आदिवासी वाडींतला असावा. दोन वर्षांनीं परीक्षक बदलावेत. समितीच्या सभासदानें व त्याच्या जवळच्या नातलगानें अर्ज करूं नये.

पांच : जें लिखाण नाकारलें जाईल, त्याचें कारण लेखकास चार ओळींत लिहून कळवावें, आणि त्याची एक प्रत तालुक्याच्या वाचनालयांत जपून ठेवावी. ही सूचना आम्हांस सर्वांहून महत्त्वाची वाटते. परीक्षक आज चुकले तरी उद्यांच्या वाचकाला तें लिखाण सांपडलें पाहिजे. १२४ वर्षें त्याला थांबावयास लावूं नये.

सहा : जमलेल्या पैशाचा मोठा हिस्सा छपाईस जावा. निवडलेलें लिखाण छापून त्याची प्रत दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक शाळेस द्यावी. १९६७ सालच्या ग्रंथालय कायद्याखालीं अनुदान घेणारीं जीं लहानमोठीं वाचनालयें आपल्याकडे आहेत, त्यांसहि द्यावी. कपाटांत पुस्तक आलें म्हणजे पुरस्कार पोहोंचला असें समजावें.

सात : समारंभ गौरी-गणपतीनंतर आणि हळव्या भाताच्या कापणीपूर्वीं ठेवावा. दिवाळीनंतर ठेवाल तर ज्याचा सत्कार करावयाचा तो भट्टीवर गेलेला असेल, आणि हार पुढाऱ्याच्याच गळ्यांत पडेल. मंडप नको, शाळेची पडवी पुरे. भाषणें थोडीं व्हावीं, आणि ज्याला पुरस्कार मिळाला त्यानें आपलें लिखाण लोकांस वाचून किंवा गाऊन दाखवावें.

शिक्षकबंधूंनो, आपल्याला वेगळें सांगणें आहे. परीक्षक कोणीहि असोत, वाडींत रोज जाणारे आपणच आहों. एकेका शिक्षकानें यंदाच्या वर्षांत एका म्हाताऱ्या माणसाचें सांगणें लिहून घ्यावें आणि एका मुलाची वही फाटण्यापूर्वीं उतरून काढावी. निबंधांत 'माझा आवडता ऋतु' देण्याऐवजीं 'आमच्या घरचा हिशेब' असा विषय एकदां देऊन पाहा. मुलें काय लिहितात तें दिसेल. पुरस्कार निघो वा न निघो, एवढें काम कोणाच्या ठरावावांचून होण्याजोगें आहे.

मायबहिणींनो, तुम्ही आज सभेंत मागें बसलां आहां. ओव्या तुमच्या, धवले तुमचे, गौरीचीं गाणीं तुमचीं. मसुद्यांत तुमचा उल्लेख 'स्वागतगीत सादर करतील' एवढाच आहे! त्या ओळीवर काट मारा आणि परीक्षकांच्या यादींत आपल्यांतल्या एकीचें नांव आजच घाला. कोणी तुम्हांस बोलावील याची वाट पाहूं नका.

मंडळी, पुरस्काराला नांव कोणाचें द्यावें यावर आतां थोड्या वेळानें पुष्कळ वाद होईल. कोणी जोतीरावांचें सुचवील, कोणी आपल्या गांवच्या थोर पुरुषाचें सुचवील. नांव कोणतेंहि द्या. पण जोतीरावांचें नांव देऊन कारभार दक्षिणा कमिटीचा ठेवाल, तर तें नांव न दिलेलें बरें. त्या बारा पानांच्या वहीला दार उघडें ठेवा. मग पुरस्कारास नांव नसलें तरी जोतीराव त्यांत आहेतच.

सत्याचा जय असो!